सहीपूर्वीची तीन वर्षे
सदर : पेढीपलीकडे

मुलगा मॅट्रिक झाला की दुकानात बसू लागे आणि चार-पाच वर्षांत गल्ल्याची किल्ली त्याच्या हाती येई, हा क्रम आपल्या घरांत कित्येक पिढ्या चालला. आता मुले आणि मुली अभियांत्रिकीकडे जातात. संगणकाची पदवी घेणाऱ्याचे पुढे काय होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना एव्हाना ठाऊक झाले आहे. स्थापत्याची पदवी घेणाऱ्याविषयीही एक उत्तर मनात तयार असते : बांधकामाच्या धंद्यात पडेल. परंतु तीच मुलगी किंवा तोच मुलगा ‘मला स्ट्रक्चरल डिझाइनचे काम करायचे आहे’ असे म्हणतो, तेव्हा घर थोडे गोंधळते. हा बिल्डर होणार नाही, आर्किटेक्टही नाही, ठेकेदारही नाही. मग होणार तरी कोण? सुरुवातीचा पगार विचारावा तर तो थोडा. स्वतःचे कार्यालय कधी, असे विचारावे तर ‘काही वर्षांनी’. व्यापारी घराला ही दोन्ही उत्तरे सहजासहजी रुचत नाहीत.

अशा वेळी घरात दोन चुका संभवतात. एक म्हणजे, पगाराकडे पाहून त्या मुलाला वर्षभरातच तिथून काढून घरच्या धंद्यात ओढणे. दुसरी अधिक गंभीर. ती म्हणजे, घरात इंजिनिअर आहे म्हणून त्याच्याकडून घरच्या बांधकामावर घाईने सही मागणे. या दोन्ही गोष्टी टळाव्यात, यासाठी या व्यवसायाची पहिली तीन वर्षे कशी असतात आणि ती तशी का असावी लागतात, याचा विचार या महिन्याच्या सदरात करू.

वजनाची खतावणी

पुण्याच्या बांधकामक्षेत्रात ज्यांना ‘आर.सी.सी. कन्सल्टंट’ म्हणतात, तेच संरचना अभियंते होत. आर्किटेक्ट खोल्या, उजेड, वारा आणि रूप ठरवतो, ठेकेदार बांधतो, आणि बांधलेले उभे राहील की नाही, याचा हिशेब संरचना अभियंता करतो.

‘हिशेब’ हा शब्द येथे अगदी शब्दशः घ्यावा. आपल्या रोजमेळात आलेला प्रत्येक रुपया कोठेतरी नावे पडावाच लागतो, मधेच नाहीसा होत नाही. इमारतीतील वजनाचेही तसेच आहे. माणसे, कपाटे, पाण्याची टाकी, भिंती यांचे वजन स्लॅबवर येते. स्लॅब ते बीमला देतो, बीम कॉलमला, कॉलम फुटिंगला आणि फुटिंग जमिनीला. या वाटेवर एक जागा जरी वजन झेलण्यास असमर्थ असली, तरी खाते जुळत नाही. दुकानाच्या खात्यातील चूक दिवाळीला सापडते आणि दुरुस्त होते. इमारतीच्या खात्यातील चूक कित्येक वर्षे दिसत नाही, आणि दिसते तेव्हा दुरुस्तीची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

या खात्यात सर्वांत मोठी रक्कम पुष्कळदा इमारतीच्या स्वतःच्या वजनाचीच असते. सव्वाशे मिलिमीटर जाडीचा साधा स्लॅब घेतला, तरी त्याचे वजन चौरस मीटरला ३०० किलोहून अधिक भरते. राहत्या खोलीत माणसे व सामान यांच्यासाठी भारतीय मानक ८७५ प्रमाणे चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. म्हणजे घर आपल्याला उचलते त्याहून अधिक स्वतःला उचलत असते.

घोटावड्याची शेड

आता आपल्या परिचयाची जागा घेऊ. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे मागे पडतात आणि घोटावडे फाटा येतो. तेथून आत वळणारा रस्ता घोटावडे गावाकडे आणि पुढे माण-हिंजवडीकडे जातो. मुळशी तालुक्याचा हा भाग भाताच्या खाचरांचा. गेल्या काही दशकांत या खाचरांच्या शेजारी कारखाने, गाळे, गोदामे आणि पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या. हिंजवडी जवळ असल्याने घरांचीही बांधकामे वाढली. आपल्यापैकी अनेकांची गोदामे, प्लॉट किंवा भाड्याने दिलेल्या शेडा याच पट्ट्यात असतील. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात हा भाग येतो.

समजा, अशाच एका जागेवर एक साधी शेड बांधायची आहे. ‘चार खांब आणि वर पत्रे, त्याला इंजिनिअर कशाला?’ असे आपण सहज म्हणतो. नुकत्याच नोकरीस लागलेल्या अभियंत्याच्या टेबलावर ही शेड येते, तेव्हा त्याला कोणते प्रश्न सोडवावे लागतात, ते पाहावे.

पहिला प्रश्न वाऱ्याचा. पुण्यासाठी मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या घरात जातो. जागा, उंची आणि उघडे दरवाजे यांनुसार प्रत्यक्ष आकडा बदलतो, पण अंदाजासाठी एवढे पुरे. पत्र्याचे स्वतःचे वजन मात्र चौरस मीटरला साधारण ५ किलोच असते. म्हणजे शेड खाली कोसळू नये एवढेच पाहून भागत नाही. वादळात ती वर उचलली जाऊ नये, हे आधी पाहावे लागते. म्हणून पत्र्याचे हूक, पर्लिनचे बोल्ट आणि खांबाला पायाशी धरून ठेवणारे अँकर बोल्ट यांचा हिशेब लागतो. वरून दिसणारी शेड पोलादाची असली, तरी वळवाच्या वादळात तिला जमिनीशी बांधून ठेवणारी वस्तू बोटभर जाडीचा बोल्ट असतो.

दुसरा प्रश्न जमिनीचा. खाचरावर भराव टाकून जागा सपाट केली की वरून सगळे सारखे दिसते. एका कोपऱ्यात दोन फुटांवर मुरूम लागतो, तर दुसऱ्या कोपऱ्यात आठ फूट भराव आणि ओली माती असते. एक खांब खडकावर आणि दुसरा भरावावर उभा राहिला, तर दोन-तीन पावसाळ्यांत एक बाजू खचू लागते. नवख्या अभियंत्याने येथे खड्डे घेऊन पाहण्याचा आग्रह धरावा लागतो. ‘एवढ्यासाठी चार दिवस काम थांबवायचे?’ हे ऐकून घेण्याची त्याची तयारीही असावी लागते.

तिसरा प्रश्न आपल्या व्यवहाराशी थेट जोडलेला आहे. गोदामाच्या मजल्यावर किती माल ठेवणार? मानकात साठवणुकीच्या जागेसाठी चौरस मीटरला किमान ७५० किलोच्या आसपास भार धरण्यास सांगितले आहे, आणि मालाची थप्पी जसजशी उंच होईल तसतसा तो वाढतो. आता आपला अनुभव घ्या. ५० किलोचे एक पोते सुमारे अर्धा चौरस मीटर जागा व्यापते. एकावर एक १० पोती रचली, की चौरस मीटरला १००० किलो झाले. हेच पोते घरासाठी बांधलेल्या पहिल्या मजल्यावर रचले, तर त्या स्लॅबसाठी गृहीत धरलेल्या भाराच्या पाचपट माल आपण त्यावर ठेवतो. राहत्या घराचा मजला दिवाळीच्या हंगामापुरता गोदाम म्हणून वापरणे किती घरांत चालते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

चौथा प्रश्न पुढच्या काळाचा. आज शेड आहे, उद्या वर सौर पॅनेल बसवाल. त्यांचे वजन चौरस मीटरला साधारण १५ किलो धरा. परवा आत क्रेन लावाल, नाहीतर मधे एक माळा काढाल. चांगला अभियंता हे सर्व आधीच विचारतो. त्याच्या प्रश्नांना घरच्या माणसाने वेळ काढून उत्तरे द्यावीत, कारण या उत्तरांवरच त्याचा सारा हिशेब उभा असतो.

पहिल्या वर्षाचे काम

महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर उंच मनोरे आणि लांब पूल असतात. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला येतात ती सळयांची कोष्टके. कोणत्या बीमला किती जाडीचे किती गज, कोणत्या लांबीचे, कोठे वाकवायचे, हे त्या कोष्टकात लिहायचे असते. वरिष्ठाने लाल शाईने खुणा केलेल्या नकाशांत दुरुस्त्या करायच्या असतात. संगणकावर इमारतीचा सांगाडा उभा करायचा असतो. हे काम कंटाळवाणे वाटते. पेढीवर नव्याने आलेल्या मुलाला मुनीमजी प्रथम जुन्या खतावण्या उतरवून काढायला देत, ते कशासाठी, हे ज्याला कळले, त्याला या कोष्टकांचे मोलही कळेल.

याच वर्षी जागेवर जाण्याची सवय लागली पाहिजे. स्लॅब ओतण्यापूर्वी सळया तपासायला गेलेल्या अभियंत्याने काय पाहावे? सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का, हे सर्वांत आधी. नेहमीच्या बांधकामात कॉलमच्या सळईबाहेर ४० मिलिमीटर आणि फुटिंगमध्ये किमान ५० मिलिमीटर काँक्रीट असावे लागते. ते कमी पडले तर पाणी आणि हवा सळईपर्यंत पोहोचते, गंज फुगतो आणि काही वर्षांत काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. मुळशीच्या पावसात तर हे अधिक लवकर घडते. त्यानंतर पाहावे ते सळयांच्या जोडांची लांबी आणि कॉलममधील रिंगांचे अंतर. या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवलेली असावीत, असे भूकंपरोधक बांधणीचे मानक सांगते. काटकोनात वळवलेली टोके सोपी पडतात, म्हणून फिटर तशीच सोडतो. पण भूकंपाच्या हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट झडले की तशी रिंग उघडते आणि कॉलमच्या उभ्या सळया मोकळ्या होतात.

काँक्रीट ओतताना दीडशे मिलिमीटरचे घनाकृती नमुने भरून ठेवायचे, त्यांची ७ व्या आणि २८ व्या दिवशी ताकद तपासायची, आणि अहवाल खराब आला तर तो वरिष्ठांपुढे ठेवायचा, हेही त्याचेच काम. या शेवटच्या वाक्यात नवख्याची खरी परीक्षा आहे. वीस-पंचवीस वर्षे काम केलेला फिटर किंवा ठेकेदार समोर उभा असतो. ‘साहेब, आम्ही असेच करतो, आजवर काही झाले नाही,’ असे तो म्हणतो. बावीस वर्षांच्या मुलीने किंवा मुलाने त्याचा मान राखून, आवाज न चढवता, काम थांबवायचे असते. दुकानात जुन्या गिऱ्हाइकाला उधारी नाकारताना जी शांत जीभ लागते, तीच येथे लागते. हा गुण आपल्या घरांतील मुलांना बालपणापासून पाहायला मिळतो. या व्यवसायात तो त्यांच्या फार कामी येतो.

संगणकाचे उत्तर आणि हाताचा अंदाज

आज सर्व हिशेब संगणकावर होतो. स्टॅड किंवा ईटॅब्ससारख्या प्रणालीत सांगाडा उभा केला, भार दिले, की क्षणात उत्तरे येतात. नवख्याचा पहिला मोह हा, की उत्तर आले म्हणजे ते बरोबरच असले पाहिजे.

मुरलेले अभियंते नवख्याला संगणकाआधी कागदावर अंदाज काढायला लावतात. उदाहरणार्थ, कॉलम एकमेकांपासून चार-चार मीटर अंतरावर असतील, तर मधल्या एका कॉलमकडे प्रत्येक मजल्याचे १६ चौरस मीटर क्षेत्र येते. सर्व भार मिळून चौरस मीटरला १ ते १.२ टन हा ढोबळ अंदाज धरला, तर एका मजल्याचे १६ ते १९ टन आणि चार मजल्यांचे सुमारे ६४ ते ७७ टन वजन त्या कॉलमखाली यायला हवे. संगणकाने ८५ दाखवले तर पुढे जावे. ३० किंवा ३०० दाखवले तर थांबावे. कोठेतरी आकडा चुकला आहे, एखादा सांधा जोडायचा राहिला आहे किंवा एकक उलटे पडले आहे. कॅल्क्युलेटर असतानाही तोंडी हिशेब करणारा मुनीम बेरजेवर नजर टाकताच ‘यात काहीतरी चुकले’ म्हणतो. हा डोळा कमावणे, हे पहिल्या तीन वर्षांचे सर्वांत मोठे भांडवल होय. ते पगाराच्या पावतीवर दिसत नाही.

किल्लारीची भिंत

एवढी काळजी कशासाठी, याचे उत्तर महाराष्ट्राने दोनदा फार कठोरपणे ऐकले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर गावे झोपेत असताना, किल्लारी परिसर हादरला. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. त्या काळच्या भूकंपविभागांच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच. माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील जड मातीची धाबी यांच्याखाली. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी रचना हादऱ्याच्या वेळी घातक ठरली. पुढे २००२ च्या आवृत्तीत भूकंपाचा पहिला विभागच मानकातून रद्द झाला. त्या व त्यानंतरच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे तिसऱ्या विभागात आणि कोयना परिसर चौथ्या विभागात दाखवला गेला.

किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्याजवळ वाघोली येथे आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. संकटानंतर धावून जाण्याची ही परंपरा आपल्याला अभिमानास्पद आहे. संकट येण्यापूर्वी भिंत पडणार नाही अशी व्यवस्था करणारा अभियंता तेच जीवरक्षणाचे काम वेगळ्या जागी बसून करतो. त्याचा सत्कार होत नाही, कारण न पडलेल्या इमारतीची बातमी होत नाही. अशा कामाकडे वळणाऱ्या मुलाला घराने निदान कमी लेखू नये.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छचा भूकंप झाला. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील पुष्कळ इमारतींत तळमजला वाहनतळासाठी मोकळा, केवळ कॉलमवर उभा होता. वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खालचा मजला लवचिक; हादरा बसताच सारा भार त्या दुबळ्या मजल्यावर आला. घोटावडे-हिंजवडी रस्त्यावरच काय, पुण्याच्या कोणत्याही उपनगरात पाहिले, तर खाली वाहनतळ असलेल्या इमारती दिसतील. त्या तशा बांधता येतात. पण तळमजल्याच्या कॉलमांचा वेगळा विचार करावा लागतो, आणि तो कोणीतरी केलेला असावा लागतो.

सहीचे मोल

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वास्तुविशारदांसाठी आपल्या देशात १९७२ चा कायदा आहे. त्यानुसार नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. संरचना अभियंत्यांसाठी असा देशव्यापी परवान्याचा कायदा अद्याप नाही. तथापि बांधकाम नियमावल्यांत सहीसाठी पात्रता सांगितलेली असते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या धर्तीवर स्थापत्य पदवीधराला संरचनेच्या प्रत्यक्ष कामाचा साधारणतः ३ वर्षांचा अनुभव लागतो. या शाखेतील पदव्युत्तर पदवी असेल तर २ वर्षांचा, आणि डॉक्टरेट असेल तर १ वर्षाचा. सहीसाठी अर्ज करण्यापूर्वी आपल्या प्राधिकरणाचा चालू नियम वाचून घ्यावा. या अटीमागचा हेतू मात्र स्पष्ट आहे. पदवी म्हणजे सही करण्याचा अधिकार नव्हे.

घरात प्रसंग कसा येतो, तेही पाहू. काकांच्या गोदामावर एक माळा चढवायचा असतो. कन्सल्टंटची फी वाचवायची असते. पुतणी नुकतीच नोकरीस लागलेली असते.

‘‘बेटा, तू इंजिनिअर झालीस ना, मग या कागदावर तूच सही कर. घरचंच तर काम आहे.’’

‘‘काका, अजून माझी सही चालत नाही. आणि चालली असती, तरी खालचे कॉलम पाहिल्याशिवाय मी ती केली नसती.’’

हे उत्तर ऐकून काकांना प्रथम वाईट वाटेल. त्यांनी असा विचार करावा, की हीच मुलगी उद्या परक्याच्या दडपणालाही याच शब्दांत उत्तर देईल. ज्या सहीला घरात नकार देता येतो, त्याच सहीला बाजारात पत असते. हुंडीचा व्यवहार केलेल्या घराला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. सही म्हणजे शाई नव्हे. त्या कागदामागे उभे राहण्याची तयारी म्हणजे सही.

सहीशिवाय आणि हिशेबाशिवाय बांधलेल्या इमारतींचे काय होते, हे ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाटा येथे दिसले. अनधिकृतपणे, अतिशय घाईने चढवलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. वरचे मजले चढत असतानाच खाली माणसे राहत होती. त्यांतील बहुतेक गरीब कुटुंबे होती, आणि मृतांत अनेक मुले होती.

जुन्या बांधकामांचेही तसेच आहे. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा बळी गेला. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या सहकारी गृहसंस्थांनी दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांपुढील संस्थांनी दर ३ वर्षांनी संरचनेची तपासणी करून घ्यावयाची असते. ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतात ते हेच. नव्या अभियंत्यांना या कामातही संधी आहे, आणि शिकायलाही पुष्कळ मिळते. चुकलेले बांधकाम वीस वर्षांनी कसे दिसते, हे ज्याने पाहिले, तो नवे काम अधिक जपून करतो.

वालचंद आणि फाटक

पगार आणि प्रतीक्षा यांविषयी बोलताना आपल्याच समाजातील एक उदाहरण आठवते. सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी (१८८२–१९५३) कापूस आणि सावकारीचा व्यवसाय असलेल्या घरातले. त्या गादीवर त्यांचे मन रमले नाही. १९०३ च्या सुमारास त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि त्यांना त्या कामाची माहिती होती. एकाकडे घराची पत आणि भांडवल, दुसऱ्याकडे कामाचे ज्ञान, असा तो मेळ होता. त्यातून पुढे भोर घाटातील रेल्वे बोगद्यांसारखी कामे झाली आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. सांगलीत १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रातील स्थापत्य अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या तेथे घडल्या.

या उदाहरणातून आपण बहुधा धाडसाचा धडा घेतो. त्यात दुसराही एक धडा आहे. व्यापारी घराने कामाच्या जाणकाराला बरोबरीचा भागीदार मानले. आज तो जाणकार आपल्याच घरात, आपल्याच पोटी जन्मला असेल, तर त्याला त्या योग्यतेला पोहोचण्यास अवधी देणे, एवढेच आपल्याकडे मागितले जात आहे.

घरच्यांनी आणि मुलांनी

घरच्यांसाठी काही सूचना नम्रपणे मांडतो. पहिली तीन वर्षे मुलाला परक्या, अनुभवी कन्सल्टंटकडे काम करू द्यावे. घरच्या धंद्यात त्याच्या चुका दाखवणारे कोणी नसते. पगाराची तुलना हिंजवडीत लागलेल्या त्याच्या वर्गमित्राशी करू नये. दुकान उघडल्यावर पहिली दोन-तीन वर्षे नफा दिसत नाही, म्हणून आपण दुकान बंद करत नाही. मुलगी असेल तर तिला साइटवर जाण्यास अडवू नये. सळया पाहिल्याशिवाय हा व्यवसाय शिकता येत नाही. तिच्या जाण्या-येण्याची आणि सुरक्षिततेची व्यवस्था अवश्य पाहावी, पण ती तिला घरी बसवण्यासाठी नसावी. आणि आपले स्वतःचे बांधकाम असेल तेव्हा अभियंत्याच्या फीमध्ये घासाघीस करून सळईचे टन वाढवण्यापेक्षा, योग्य फी देऊन योग्य सळई घालावी. खर्चाच्या दृष्टीनेही हेच परवडते.

मुलांना आणि मुलींना एवढेच सांगावेसे वाटते : मानके स्वतः वाचा, दुसऱ्याने केलेल्या सारांशावर विसंबू नका. काँक्रीटसाठी ४५६, पोलादासाठी ८००, भारांसाठी ८७५, भूकंपासाठी १८९३ आणि १३९२०, ही तुमची रोजची पुस्तके होत. त्यांची चालू आवृत्ती कोणती, हे प्रत्येक कामाआधी पाहा. एक वही ठेवा. तिच्यात जागेवर पाहिलेले, वरिष्ठांनी सुधारलेले आणि संगणकाने चुकवलेले सर्व तारखेसह लिहा. फिटरला आणि सेंट्रिंगवाल्याला ‘असे का करता’ हे विचारायला संकोच करू नका. नकाशावर सहज काढलेली सळई प्रत्यक्षात बसत नाही, हे तेच तुम्हाला सांगतील. अधिक शिकायचे असेल, तर गेट परीक्षा देऊन मुंबईची आय.आय.टी., व्ही.जे.टी.आय., नागपूरची व्ही.एन.आय.टी. किंवा १८५४ पासून अभियंते घडवीत आलेले पुण्याचे सी.ओ.ई.पी. येथे पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करा. मात्र आधी एक-दोन वर्षे साइटवर काम केले असेल, तर तेथील व्याख्याने अधिक नीट उमगतात.

एखाद्या रविवारी घरच्या मंडळींनी या मुलाला किंवा मुलीला आपल्या गोदामात न्यावे. सही मागू नये, फक्त पाहायला सांगावे. पोत्यांची थप्पी किती उंच आहे, भिंतीला भेग कोठे आहे, पत्र्याचा बोल्ट कोठे गंजला आहे, हे तो सांगेल. काही गोष्टी त्याला अद्याप येत नसतील, तर तो ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ म्हणेल. हे उत्तर ऐकून घरच्यांनी समाधान मानावे. पहिल्या तीन वर्षांत याहून चांगले उत्तर नाही.